वाळुंजाचं वजन आणि खापरखेड्याची राख

पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेत दुपारी मिळणाऱ्या जेवणात ४५० किलोकॅलरी ऊर्जा आणि १२ ग्रॅम प्रथिनं असावीत, असं सरकारी प्रमाण आहे. त्यासाठी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. हीच ऊर्जा विजेच्या हिशेबात मांडली तर जेमतेम अर्धा युनिट भरते. नागपूर जिल्ह्यातल्या खापरखेड्यात हा हिशेब मुलांपुढे मांडायलाच हवा, कारण १,३४० मेगावॅट क्षमतेचं औष्णिक वीजकेंद्र तिथे गावालगतच उभं आहे. तेवढीच वीज काढायला केंद्रात तीनशे-चारशे ग्रॅम कोळसा जळतो आणि त्यातली निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते. ताटातला भात आणि भट्टीतला कोळसा, दोन्हींत साठलेली ऊर्जा मात्र एकाच ठिकाणची. कधीकाळी हिरव्या पानांवर पडलेल्या उन्हाची.

शाळांमधल्या परसबागांच्या निमित्ताने हे आठवतं. २०१९मध्ये केंद्र सरकारने शालेय पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. महाराष्ट्रातही अनेक शाळांच्या आवारात पालक, मेथी, वांगी, शेवगा दिसू लागला. मुलांनी स्वतः तोडलेली मेथी दुपारच्या वरणात पडते, ही फार चांगली गोष्ट आहे. पण वाफ्यापाशी उभं राहून एक प्रश्न विचारायला हवा. बोटभर रोपाचं कंबरेएवढं झाड झालं, तर हे सगळं वजन आलं कुठून?

बहुतेक मुलं मातीतून म्हणतात, थोडी खतातून म्हणतात. मोठ्यांचं उत्तरही फारसं वेगळं नसतं. ‘खत म्हणजे झाडाचं जेवण’ हे वाक्य आपण इतक्या सहजपणे बोलतो की त्याचा खरेखोटेपणा तपासावासाच वाटत नाही. सातवीच्या ‘सजीवांतील पोषण’ या धड्यात प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण असतं, मुलं ते पाठही करतात. तरी मनातलं माती खाणारं झाड तसंच राहतं.

हा समज तपासून पाहणारा एक विलक्षण माणूस सतराव्या शतकात होऊन गेला, ब्रुसेल्सचा यान बाप्टिस्टा फान हेल्माँट. त्याने कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती भरली आणि तिच्यात ५ पौंड वजनाचं वाळुंजाचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. बाहेरची धूळ मिसळू नये म्हणून कुंडीवर छिद्रं पाडलेला पत्रा झाकला. शेवटी झाड उपटून तोललं, तर ते १६९ पौंड आणि वर ३ औंस भरलं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती घटली होती फक्त २ औंस, म्हणजे साठ ग्रॅमहूनही कमी. झाडाने माती खाल्ली असती, तर कुंडी जवळपास रिकामीच व्हायला हवी होती. हेल्माँटने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं.

तो चुकला. पण कसा चुकला, हे पाहण्यासारखं आहे. याच हेल्माँटने ६२ पौंड लोणारी कोळसा जाळून पाहिला होता. राख उरली एक पौंड. बाकीचे ६१ पौंड अदृश्य वायू होऊन निघून गेले, हे त्याने ओळखलं होतं. लाकूड जळताना हवेत मिसळून जातं हे त्याला ठाऊक होतं. झाड वाढताना त्याच हवेतून लाकूड बनतं, ही दुसरी बाजू मात्र त्याच्या ध्यानात आली नाही. कोड्याचे दोन्ही तुकडे एकाच माणसाच्या हातात होते आणि ते जुळले नाहीत. त्याचं हे लेखन १६४८मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, मुलाने छापलं. १७७९मध्ये यान इंगेनहाऊसने उन्हाचं काम दाखवलं, आणि १८०४मध्ये जिनिव्हाच्या निकोला-थिओडोर द सोस्यूरने हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांचा काटेकोर हिशेब मांडला. सोस्यूरचं नाव शाळेत कुणी घेत नाही. ते घ्यायला हवं. झाडाच्या वजनाचा जमाखर्च जुळवला तो त्यानेच.

हा जमाखर्च विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात, चुलीपाशीसुद्धा मांडता येतो. किलोभर वाळक्या पऱ्हाट्या तोलून घ्याव्यात, जाळाव्यात आणि थंड झालेली राख पुन्हा तोलावी. ती मूठभरच उरते. झाडाने मातीतून उचललेलं पोटॅश, चुना, स्फुरद, सिलिका असं सगळं त्या मुठीत असतं. बाकीचं जे उडून गेलं, ते आलं होतं हवेतून आणि पाण्यातून. त्यातला नायट्रोजन तेवढा वेगळा. त्याचा हिशेब पुढे येतोच.

खापरखेड्याचं चौकस पोर इथे अडवेल आणि अडवलंच पाहिजे: मग वीजकेंद्रातून इतकी राख कशी निघते? कोळसाही झाडांचाच ना? शंका रास्त आहे. वारेगावच्या बंधाऱ्यात साठणारी राख मूठभर नाही. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत असतं. पण ती बहुतांशी झाडांची नाही. प्राचीन दलदलीत झाडांच्या अवशेषांबरोबर पुराचा गाळही साचत गेला, त्या गाळाची ही राख.

त्या झाडांची पानं पाहायलाही दूर जावं लागत नाही. खापरखेड्याशेजारच्या सिल्लेवाड्याचं नाव आज कोळसा खाणीमुळे माहीत आहे. एकोणिसाव्या शतकात ते भूशास्त्रज्ञांना तिथल्या वालुकाश्मातल्या पानांच्या ठशांमुळे माहीत झालं. १८४५मध्ये नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ते गोळा केले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूर परिसराच्या भूरचनेवर लिहिलेला निबंध १८५५मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. वनस्पतींच्या जीवाश्मांचं वर्णन १८६१मध्ये चार्ल्स बनबरी यांनी केलं. त्यांत ग्लॉसोप्टेरिस होतं, मधोमध ठसठशीत शीर असलेलं जिभेच्या आकाराचं पान. १९१२मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉटच्या तुकडीने मरणाच्या दारातही जे सोळा किलो दगड टाकून दिले नाहीत, त्यांतही ग्लॉसोप्टेरिस होतं. अंटार्क्टिका आणि नागपूर एकाच गोंडवन भूखंडाचे भाग होते, याचा तो पुरावा ठरला.

हिस्लॉप १८६३मध्ये टाकळघाटजवळच्या पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले. त्यांच्या नावाचं महाविद्यालय नागपुरात सर्वांना माहीत आहे, पण त्यांचं भूशास्त्र शाळेपर्यंत पोहोचलेलं नाही. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी याच जमिनीवरच्या पानांनी हवेतून कार्बन घेतला, हे कळलेलं मूल चिमणीतून निघणारा वायू आणि वाफ्यातली मेथी यांचा संबंध स्वतःच जोडेल.

मातीचं श्रेय मात्र काढून घेता कामा नये. १२ ग्रॅम प्रथिनांत सुमारे दोन ग्रॅम नायट्रोजन असतो, आणि हवेत तो ७८ टक्के असूनही पानांना तिथून घेता येत नाही. त्यासाठी मुळांशी जावं लागतं. ऑगस्टमध्ये सोयाबीनचं एखादं रोप मुळांसकट अलगद उपटावं, मुळांवरची गाठ नखाने फोडावी. आत लालसर गुलाबी रंग दिसतो. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलंच एक प्रथिन तिथे गाठीतल्या जीवाणूंसाठी ऑक्सिजनचा पुरवठा जपून राखतं, आणि ते जीवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात. तुरीच्या मुळांवरही हेच चालतं. वरणातली प्रथिनं बनतात ती या नायट्रोजनपासून. मुळांवरच्या गाठींचं हे काम १८८६मध्ये हेलरीगेल यांनी दाखवलं, तोवर शेतकरी डाळींची फेरपालट करून त्याचा फायदा शेकडो वर्षं घेत आले होते.

हातांनी शिकण्याची परंपरा विदर्भाला नवी नाही. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली, झाकिर हुसेन समितीने आराखडा केला आणि आशादेवी व आर्यनायकम् यांनी ती सेवाग्रामला चालवली. मुलं भाजी पिकवत, स्वयंपाक करत, त्याचा हिशेबही ठेवत. २००५मध्ये तिथे ‘आनंद निकेतन’ ही शाळा नव्याने सुरू झाली आणि शेती तिच्या अभ्यासक्रमात आहे. आजच्या परसबागांनी सेवाग्रामकडून हिशेबाची वही जरूर उचलावी. नाहीतर फलक लागतो, फोटो निघतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत वाफे वाळून जातात.

खापरखेड्याच्या वहीत एक नोंद खास तिथलीच होऊ शकेल. पानांवर बसलेली धूळ ऊन अडवते. एकाच झाडाची काही पानं रोज ओल्या फडक्याने पुसावीत, काही तशीच ठेवावीत. आठवड्याने दुपारी दोन्ही प्रकारची पानं तोडून, शिक्षकांच्या देखरेखीखाली गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये त्यांचा हिरवा रंग उतरवून, त्यांवर आयोडीनचे थेंब टाकावेत. जिथे पिष्ट तयार झालं तिथे निळा-काळा रंग चढतो. कुठल्या पानावर तो किती गडद आला, हे मुलांनी लिहून ठेवावं आणि पावसाने झाड धुऊन निघाल्यावर हाच प्रयोग पुन्हा करावा.