काचेमागचे देव, जुन्या बाजारात

अक्कलकोटला वटवृक्ष मंदिराच्या वाटेवर स्वामी समर्थांच्या तसबिरींची दुकाने आहेत. खिशात मावणाऱ्या लॅमिनेटेड फोटोपासून भिंत व्यापणाऱ्या फ्रेमपर्यंत सगळे मिळते. जुनी तसबीर मागितली, तर मात्र दुकानदाराला वाटते की गिऱ्हाईक फुटकी काच बदलायला आले आहे. त्याचे काही चुकत नाही. तसबीर विटली की आपण तिचे विसर्जन करतो, नाहीतर देवळाच्या पारावर नेऊन ठेवतो आणि नवी आणतो. पूजेतली वस्तू विकायची कशी? म्हणून जुन्या छापील देवांचा शौकीन देवळाच्या गल्लीत फिरत नाही. तो पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात किंवा थेट तमिळनाडूतल्या कारैकुडीच्या दुकानांत भेटतो.

तिकडे अमेरिकेत आणि इंग्लंडात लोक जुनी व्हॅलेंटाइन कार्डे अशीच डीलरांकडून घेतात. वूस्टर गावच्या एस्थर हाउलंडने 1840च्या दशकाच्या अखेरीस कागदी जाळी आणि रंगीत चित्रे चिकटवलेल्या कार्डांचा मोठा धंदा उभा केला होता. पुढे अशा कार्डांवर जी रंगीत शिळाछपाई आली, तीच आपल्याकडे घरोघर पोचली. पण प्रेमपत्रातून नव्हे, तर लक्ष्मी, सरस्वती आणि दत्त होऊन.

शिळाछाप म्हणजे खरोखरच दगड. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा चुनखडी दगड घासून आरशासारखा करायचा आणि त्यावर तेलकट खडूने उलटे चित्र काढायचे. दगड ओला केला की शाई तेलकट जागेलाच धरते, बाकी ठिकाणी धरत नाही. प्रत्येक रंगाला स्वतंत्र शिळा. कागद केसभर सरकला, तर देवीच्या ओठांचा लाल हनुवटीवर उतरतो. असल्या फसलेल्या प्रती मला फार आवडतात. कारागिराचा हात तिथेच दिसतो. छापून झाल्यावर वर वार्निश चढवले की तैलचित्राचा भास होई. अशा चित्राला ओलिओग्राफ म्हणत.

पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने 1878 साली चित्रशाळा निघाली. देवादिकांबरोबर नाना फडणवीसही भिंतीवर आले ते तिच्यामुळे. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला. ‘शकुंतलाजन्म’ हे तिथले पहिले चित्र. मग प्लेग आला आणि छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. कर्ज वाढले, तेव्हा रविवर्म्यांनी तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाच्या नादी लागण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केले होते. 1972 मध्ये आगीत छापखाना खाक झाला.

विक्रेत्याकडे चित्र हातात आले की आधी खालची कड बघायची. ‘बॉम्बे’ असेल तर प्रत सुरुवातीची. ‘कार्ला-लोणावळा’ असेल तर नंतरची. पंचाईत अशी, की फ्रेमवाल्यांनी बसत नाही म्हणून कडा सर्रास कापलेल्या असतात. मग भिंग काढावे लागते. शिळेवरचे ठिपके हाताने दिलेले, म्हणून लहानमोठे आणि वेडेवाकडे असतात; ऑफसेटवर त्यांची शिस्तीत जाळी दिसते. नवी नक्कल जुन्या सागवानी फ्रेममध्ये घालून खपवतात, तेव्हा फ्रेमवर भुलू नये. मागची फळी उघडली की कधी कधी आत वर्तमानपत्र निघते. त्यावरची तारीख ही छपाईची नव्हे, तर बहुधा फ्रेम केल्याची असते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

सगळ्यांत मजेची चित्रे म्हणजे कपडे घातलेली. घरातल्या बायका छापील लक्ष्मीच्या शालूवर खरी जर शिवत, टिकल्या चिकटवत, कापडाच्या निऱ्या बसवत. हाउलंडच्या कारखान्यातल्या मुली मजुरीवर जे करत, ते इथे भक्तीने आणि फावल्या वेळात झाले. अशा चित्राला विक्रेते चांगला भाव सांगतात, मात्र कपाळावर कुंकवाचा डाग असला की तो खोट म्हणून धरतात. माझे मत नेमके उलटे आहे. चित्र पूजेत होते, याचा त्याहून चांगला पुरावा कोणता?

अक्कलकोटच्या स्वामींची गोष्ट जरा वेगळी, कारण त्यांच्या तसबिरींचे मूळ छायाचित्र आहे. कोडॅकच्या कॅमेऱ्याने स्वामींचा फोटो काढला, असे भाविकांत सांगतात. तारखा काही जुळत नाहीत: स्वामींनी 1878 साली समाधी घेतली आणि कोडॅक कॅमेरा बाजारात आला 1888 साली. त्याआधी काचेवर रसायन ओतून, ते ओले असतानाच फोटो घेण्याची रीत होती. बसणाऱ्याला काही सेकंद स्तब्ध राहावे लागे. आज गल्लीत विकले जाणारे तेजोवलयवाले रंगीत स्वामी अशा जुन्या फोटोंवरूनच चित्रकारांनी रंगवत, सजवत आणलेले आहेत.

घरात आजोबांच्या वेळची तसबीर असेल, तर पारावर नेण्यापूर्वी मागची फळी एकदा उघडून बघा. कसर लागली असेल तर आधी ती मऊ ब्रशने झाडा. काच ओल्या फडक्याने पुसू नका, पाणी फटीतून आत झिरपते. आणि कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नका. वार्निश काचेवरच राहते आणि देवाचा चेहरा त्याच्याबरोबर जातो.