अविश्वासाच्या पायावर उभे राज्ययंत्र

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची राज्यघटना ही आज अंमलात असलेल्या राष्ट्रीय लिखित घटनांमध्ये सर्वांत जुनी मानली जाते, आणि आकाराने ती इतकी आटोपशीर आहे की तिचा सात कलमांचा मूळ मसुदा तासाभरात वाचून संपतो. स्वीकृतीच्या वेळीच ३९५ कलमे असलेल्या भारतीय घटनेची सवय झालेल्या वाचकाला या आटोपशीरपणाचे नवल वाटणे साहजिक आहे. राज्यकारभाराचा तपशील या मसुद्यात फारसा नाही. सत्ता कोणाला, किती आणि कोणाच्या संमतीने वापरता येईल, एवढ्यावरच त्याचा सारा भर आहे. ज्यांच्या हाती सत्ता जाईल ती माणसे फारशी भली नसतील, असे गृहीत धरून त्याची प्रत्येक तरतूद लिहिलेली दिसते.

या गृहीतकामागे ताजा अनुभव होता. ब्रिटिश राजसत्तेविरुद्ध लढून स्वतंत्र झालेल्या तेरा राज्यांनी १७८१ मध्ये अंमलात आणलेल्या पहिल्या करारनाम्यात मध्यवर्ती सत्तेला जवळजवळ काहीच दिले नव्हते. तिला कर बसवता येत नव्हता, तिच्याकडे स्वतंत्र कार्यकारी प्रमुख किंवा कायमची न्यायव्यवस्था नव्हती, आणि करारनाम्यात बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती लागत असे. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेज याच्या नेतृत्वाखाली बंड केले, तेव्हा हे दुबळेपण उघडे पडले. परिणामी १७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फिया येथे करारनामा सुधारण्यासाठी परिषद भरली. ऱ्होड आयलंडने तिच्यावर बहिष्कार टाकला, बाकीच्या बारा राज्यांचे ५५ प्रतिनिधी कमीअधिक काळ हजर राहिले, आणि बंद दाराआड चाललेल्या चर्चेनंतर १७ सप्टेंबर रोजी ३९ जणांनी सही केली ती सुधारित करारनाम्यावर नव्हे, तर सर्वस्वी नव्या घटनेवर. तेरापैकी नऊ राज्यांची मंजुरी पुरेशी ठरेल असे त्यांनी त्या घटनेतच लिहून ठेवले. जुन्या करारनाम्याच्या एकमताच्या अटीला त्यांनी अशी सरळ बगल दिली, त्यामुळे कायद्याच्या सर्वोच्चतेसाठी ओळखल्या जाणाऱ्या या घटनेच्या जन्मातच थोडा नियमभंग आहे, असे म्हणावे लागते.

घटनाकारांना भय दोन्ही बाजूंचे होते. एकीकडे राजाचे, दुसरीकडे बेभान बहुमताचे. त्यावर जेम्स मॅडिसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधलेला उपाय सत्ताविभाजन या नावाने ओळखला जातो. मात्र हे नाव थोडे फसवे आहे. पहिल्या कलमाने कायदे करण्याची सत्ता काँग्रेसला, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सेनेट यांच्या मिळून बनलेल्या विधिमंडळाला दिली, दुसऱ्याने कार्यकारी सत्ता राष्ट्राध्यक्षाला आणि तिसऱ्याने न्यायदानाची सत्ता सर्वोच्च न्यायालयाला व काँग्रेस स्थापन करील त्या कनिष्ठ न्यायालयांना दिली, एवढेच पाहिले तर वाटणी स्वच्छ वाटते. खरी कारागिरी त्यापुढची आहे. प्रत्येक शाखेच्या कामात दुसऱ्या शाखेचा एक हात मुद्दाम अडकवून ठेवला आहे, ज्यामुळे कोणालाही एकट्याने फार काही करता येत नाही. काँग्रेसने संमत केलेले विधेयक राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरून परत पाठवू शकतो, आणि दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी ते पुन्हा संमत केले, तर त्याच्या सहीवाचूनही ते कायदा बनते. सेनापती राष्ट्राध्यक्ष असला तरी युद्ध जाहीर करण्याचा आणि सैन्याला पैसा पुरवण्याचा अधिकार काँग्रेसकडे आहे. न्यायाधीशांची निवड राष्ट्राध्यक्ष करतो, पण सेनेटने होकार दिल्याशिवाय नेमणूक होत नाही. तह करायचा तर सेनेटमधील दोन-तृतीयांश उपस्थित सदस्यांची संमती लागते. पहिल्या महायुद्धानंतर वुड्रो विल्सन यांनी स्वतः पॅरिसमध्ये बसून घडवलेला व्हर्सायचा तह सेनेटने फेटाळला, आणि ज्या राष्ट्रसंघाची कल्पना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने पुढे रेटली होती, त्यात अमेरिका कधीच सामील झाली नाही.

संसदीय पद्धतीत वाढलेल्या वाचकाला यातली एक गोष्ट विशेष खटकते, ती म्हणजे सरकार पाडण्याची सोय नसणे. राष्ट्राध्यक्ष काँग्रेसचा सदस्य नसतो, त्याचे मंत्रीही नसतात, आणि त्याचा पक्ष दोन्ही सभागृहांत अल्पमतात असला तरी चार वर्षे तो पदावर राहतो. त्याला मुदतीपूर्वी हटवण्याचा मार्ग महाभियोगाचा, आणि तो गंभीर गैरकृत्यांपुरता आहे: प्रतिनिधिगृहाने साध्या बहुमताने आरोप ठेवायचे आणि सेनेटने खटला चालवून दोन-तृतीयांश मतांनी दोषी ठरवायचे. अँड्र्यू जॉन्सन, बिल क्लिंटन आणि दोन वेळा डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर असे आरोप ठेवले गेले, परंतु सेनेटने आजवर एकाही राष्ट्राध्यक्षाला दोषी ठरवलेले नाही. रिचर्ड निक्सन यांनी १९७४ मध्ये आरोप येण्यापूर्वीच राजीनामा दिला. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत मसुदा मांडताना हाच फरक नेमका हेरला होता. अमेरिकी पद्धत स्थैर्य अधिक देते, संसदीय पद्धतीत सरकारला रोजच्या रोज जाब द्यावा लागतो, आणि भारताच्या मसुद्याने स्थैर्यापेक्षा या उत्तरदायित्वाला अधिक पसंती दिली आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

सत्तेची दुसरी वाटणी केंद्र आणि राज्ये यांच्यातली. केंद्राला मोजके अधिकार नावानिशी दिले आणि उरलेले राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतील, असे दहाव्या दुरुस्तीने स्पष्ट केले. भारतात शेषाधिकार केंद्राकडे आहेत, त्याच्या नेमके उलट. प्रतिनिधिगृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, सेनेटमध्ये लहानमोठ्या प्रत्येक राज्याला दोनच, ही तडजोड फिलाडेल्फियात परिषद मोडायच्या बेतात असताना झाली, आणि आजही वायोमिंगचे आणि कॅलिफोर्नियाचे सेनेटमधील वजन सारखेच आहे. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतले निर्वाचकमंडळही याच हिशेबावर बेतलेले असून त्यातल्या ५३८ मतांपैकी २७० मिळवणारा उमेदवार जिंकतो, मग देशभरात त्याला प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी मते पडलेली असली तरी.

त्याच परिषदेतली दुसरी तडजोड मात्र लज्जास्पद होती. गुलाम हा शब्द मूळ घटनेत कुठेही नाही, पण प्रतिनिधित्व मोजताना अशा माणसांची संख्या तीन-पंचमांश धरावी, १८०८ पूर्वी त्यांच्या आयातीवर बंदी घालू नये आणि पळून गेलेल्याला मालकाच्या स्वाधीन करावे, अशा तरतुदी तिच्यात आडवळणाने घातलेल्या होत्या. सत्तेविषयी इतका संशय बाळगणाऱ्या घटनाकारांना मालकाच्या सत्तेविषयी मात्र तो पुरेसा वाटला नाही. ही गाठ सुटायला यादवी युद्ध व्हावे लागले. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी नष्ट केली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले, आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंशावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तो याच घडामोडींनंतर. कागदावरचे हे हक्क अमेरिकेच्या दक्षिणेत व्यवहारात उतरायला पुढे सुमारे शंभर वर्षे लागली.

न्यायालयाला कायदे रद्द करण्याचा अधिकार आहे, असे घटनेत शब्दशः कुठेही लिहिलेले नाही. तो सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात घटनेच्या अर्थातून काढला. विल्यम मार्बरी याला न्यायदंडाधिकारी नेमल्याचे पत्र तयार होऊनही पोचलेच नव्हते, आणि ते पोचते न करणारे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री खुद्द मार्शलच होते. आजच्या संकेतांनुसार त्यांनी या खटल्यातून बाजूला व्हायला हवे होते. मार्बरीचा हक्क खरा, परंतु ज्या कायद्याच्या आधारे तो थेट या न्यायालयात आला तो कायदाच घटनाबाह्य, असा निर्णय त्यांनी दिला. वरवर पाहता न्यायालयाने स्वतःचा एक अधिकार सोडला, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी मोठा अधिकार पदरात पाडून घेतला, आणि दरम्यान सत्तेवर आलेल्या नव्या सरकारला आदेशच दिलेला नसल्यामुळे तो मोडण्याची संधीही ठेवली नाही. न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणतात ते हेच. कोरियन युद्धाच्या काळात संपामुळे पोलादाचा तुटवडा पडेल म्हणून राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा १९५२ मध्ये न्यायालयाने त्यांनाही ते परत करायला लावले.

अडवणूक हा या यंत्राचा गुण असला तरी तिची किंमतही आहे. अंदाजपत्रकावर एकमत झाले नाही की सरकारी कचेऱ्यांना टाळे लागते. काँग्रेसने औपचारिकपणे युद्ध जाहीर केले ते शेवटचे १९४२ मध्ये, आणि त्यानंतरची सारी युद्धे त्या घोषणेवाचूनच लढली गेली. जे काम कायदे करून व्हायचे ते राष्ट्राध्यक्षाच्या आदेशांकडे आणि न्यायालयाच्या निकालांकडे सरकत गेले. घटना बदलणे तर सर्वांत अवघड, कारण दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते मिळाल्यावरही पन्नासपैकी ३८ राज्यांची मंजुरी लागते. भारतात शंभराहून अधिक दुरुस्त्या झाल्या, तर अमेरिकेत सव्वादोन शतकांहून अधिक काळात २७ झाल्या, आणि त्यांतल्या पहिल्या दहा, म्हणजे हक्कांची सनद, १७९१ मध्ये एकदमच आल्या. त्या दहांच्या बरोबरीनेच १७८९ मध्ये राज्यांकडे गेलेला एक प्रस्ताव, काँग्रेसच्या सदस्यांची वेतनवाढ मधली निवडणूक होईपर्यंत लागू होऊ नये असे सांगणारा, मंजुरीअभावी तसाच पडून राहिला. तो अजूनही मंजुरीसाठी खुला आहे, असे टेक्ससमधील एका विद्यार्थ्याने १९८२ मध्ये आपल्या निबंधात मांडले आणि पुढे राज्याराज्यांच्या विधिमंडळांना पत्रे लिहिण्याचा सपाटा लावला. १९९२ मध्ये तो सत्ताविसावी दुरुस्ती म्हणून घटनेत दाखल झाला. निबंधाला मात्र तेव्हा बेताचेच गुण मिळाले होते.