कोरियन दावत आपल्या दस्तरखानावर

पिशोरसारख्या गावातील किराणा दुकानातही आता कोरियन नूडल्सची पाकिटे लटकलेली दिसतात. मुले मोबाईलवर कोरियन मालिका पाहतात आणि तिथले पदार्थ मागतात. मोठ्यांचे उत्तर बहुधा एकच असते, "ते लोक काय काय खातात, आपल्याला नको." काळजी रास्त आहे. पण नुसते 'नको' म्हटल्याने खाणे थांबत नाही, ते घराबाहेर जाते. मैत्रिणीकडे किंवा क्लासच्या वाटेवर मुले पाकीट न वाचताच खातात. म्हणून आम्ही ठरवले, ही दावत घरीच करायची, नातेवाइकांना बोलावून करायची आणि हलाल-हरामची पारख मुलांकडूनच करून घ्यायची.

कोरिया तसा आपल्याला अगदी परका नाही. आपल्याच जिल्ह्यात शेंद्रा येथे ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पँडेक्स धाग्याचा कारखाना आहे. तिकडे मुसलमानही आहेत. 1950 च्या कोरियन युद्धात गेलेल्या तुर्की सैनिकांच्या इमामांमुळे तिथल्या काही लोकांना इस्लामची ओळख झाली. राजधानी सोलच्या इटेवॉन भागात 1976 मध्ये मोठी मशीद उभी राहिली. कोरिया मुस्लिम फेडरेशन ही तिथली संस्था खाद्यपदार्थांना हलाल प्रमाणपत्र देते.

आधी पाकीट वाचा

कोरियन जेवणात डुकराचे मांस बरेच वापरतात. मालिकांत दिसणारी हिरवी बाटली सोजूची, म्हणजे दारूची असते. हे उघड दिसते, त्यामुळे टाळता येते. न दिसणाऱ्या गोष्टींकडे जास्त लक्ष हवे. गोचुजांग नावाच्या तिखट लगद्यात टिकण्यासाठी अनेकदा अल्कोहोल घालतात. मिरिन हे स्वयंपाकात वापरायचे मद्यच आहे. नूडल्सच्या मसाल्यात मांसाचा अर्क असू शकतो आणि जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असते. ते कशापासून केले आहे हे लिहिलेले नसेल, तर पाकीट परत ठेवावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाकिटावरचा हिरवा ठिपका मांस नसल्याचे सांगतो, दारू नसल्याचे नव्हे. त्यामुळे घटकांची यादी वाचावी, हलालचा शिक्का पाहावा आणि शंका असल्यास आपल्या आलिमांना विचारावे. आमच्या मुलीने वहीत दोन रकाने आखून ही यादी स्वतः केली. ज्या वस्तूची खात्री पटली नाही, ती घरी आणलीच नाही.

घरच्या सामानातून

सगळे विकत आणायची गरज नाही. अद्रक आपल्या कन्नड तालुक्यात पिकते, सोयाबीन मराठवाडाभर आहे. मिरची तर कोरियाचीही मूळची नव्हे आणि आपलीही नव्हे. ती अमेरिका खंडातून निघून दोन्हीकडे पोहोचली. आम्ही बारा जणांसाठी एवढे केले :

किमची : 1 किलो पानकोबीचे मोठे तुकडे करून मीठ चोळून दोन तास ठेवावेत, मग धुऊन निथळावेत. तांदळाच्या पिठाची घट्ट पेज थंड करून तीत 4 चमचे काश्मिरी तिखट, 10 पाकळ्या लसूण, अद्रक आणि थोडी साखर वाटून घालावी. मुळ्याच्या फोडी व पातीचा कांदा मिसळून बरणीत दाबून भरावे. उन्हाळ्यात एक दिवस, हिवाळ्यात दोन-तीन दिवस बाहेर ठेवून मग फ्रिजमध्ये ठेवावे.

गोचुजांगऐवजी : उकडलेले सोयाबीन, काश्मिरी तिखट, गूळ, लसूण व मीठ एकत्र बारीक वाटावे. चव हुबेहूब येत नाही, पण काम भागते.

तोकबोक्की : तांदळाच्या पिठाची उकड काढून, मळून, बोटाएवढ्या वळकट्या कराव्यात. वाफवून वरच्या लगद्याच्या रश्श्यात शिजवाव्यात. उकड नीट मळली नाही, तर वळकट्या रश्श्यात फुटतात.

बिबिमबाप : इंद्रायणीसारखा मऊ भात, त्यावर गाजर, मोड आलेले मूग, तीळ-लसूण घातलेला पालक आणि तळलेले अंडे. खाताना सगळे कालवायचे.

चिकन : ओळखीच्या कसायाकडून आणलेल्या कोंबडीचे पातळ तुकडे कांद्याचा रस, लसूण, अद्रक, तिळाचे तेल आणि तपासून घेतलेल्या सोया सॉसमध्ये मुरवून तव्यावर परतावेत.

सोबत भाजलेल्या जवाचा चहा ठेवला. कोरियन घरांत तो पाण्यासारखा पितात.

बसायचे कसे

कोरियन घरात जेवण एकामागून एक वाढत नाहीत. भात, सूप आणि लहान वाट्यांतील तोंडीलावणी एकदमच मांडतात आणि ती सगळ्यांत मिळून खातात. जुन्या पद्धतीच्या घरात जमिनीवरच, बुटक्या मेजाभोवती बसतात. वडीलधाऱ्याने चमचा उचलल्याशिवाय लहानांनी सुरुवात करायची नाही आणि मोठ्यांना काही द्यायचे तर दोन्ही हातांनी. आपल्या दस्तरखानाला यात नवीन काय आहे? मुलांना मात्र ते नवीन वाटले, कारण घरात ऐकलेलीच गोष्ट त्यांना आवडत्या मालिकेतही दिसली होती.

आमच्या दादीअम्मांनी आधीच बजावले होते, "मी माझी भाकरीच खाणार." त्यांच्यासाठी भाकरी आणि सालन आम्ही मुद्दाम केले. मेहमान कोणीही असो, त्याला आवडेल ते त्याच्यापुढे असावे. नातीने पहिली वाटी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. बिस्मिल्ला म्हणून त्यांनी पालक चाखला आणि म्हणाल्या, "ही तर आपलीच भाजी, फोडणी द्यायची विसरलात." सगळे हसले. किमचीला मात्र त्यांनी हात लावला नाही, आणि कोणी आग्रहही केला नाही.

थोडे भान

अशी दावत दिखाव्याची होऊ नये. पाच पदार्थ पुरे, महागड्या आयात बाटल्या नकोत. तोकबोक्की थोडीच करावी, गार झाल्यावर ती कडक होते. उरलेला भात आणि चिकन झाकून शेजारी पाठवावे. अन्न वाया जाऊ देणे हा इसराफ आहे, मग पदार्थ कोणत्याही देशाचा असो.

मुलांच्या सगळ्याच आवडींना होकार देता येत नाही, देऊही नये. पण कशाला हो आणि कशाला नाही, हे कारणासकट घरातच कळले, तर घराबाहेरही ती सावध राहतात. आमच्याकडे आता बिस्किटाचा पुडाही उलटून वाचल्याशिवाय उघडला जात नाही.