कर्जाचें नवें-जुनें

एक देणें फेडण्यासाठीं दुसरें देणें पत्करावें कीं नाहीं, हा प्रश्न वऱ्हाडांतील संसारांना पिढ्यानपिढ्या भेडसावीत आला आहे. अमरावती-अकोल्याकडील शेतकरी त्याला एक सुटसुटीत नांव देतो: ‘नवें-जुनें करणें’. सोसायटीचें पीककर्ज मार्चअखेर थकूं नये म्हणून चार दिवसांपुरते खासगी सावकाराकडून पैसे घ्यावयाचे, सोसायटीचें खातें बेबाक करावयाचें, आणि नवें पीककर्ज हातीं पडलें कीं त्यांतून सावकाराची रक्कम परत करावयाची. वहीवर जुनें कर्ज मिटतें. पण डोक्यावरील भार रतीभरहि हलका होत नाहीं. उलट मधल्या चार दिवसांचें व्याज तेवढें अंगावर पडतें.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांपुढें हाच प्रश्न आतां क्रेडिट कार्डाच्या रूपानें उभा आहे. एका बँकेच्या कार्डावर साचलेली बाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर न्यावी, तेथें कांहीं काळ व्याज नाहीं किंवा अगदीं थोडें आहे, अशीं निमंत्रणें घरोघर येतात. बँकांच्या परिभाषेंत या व्यवहाराला ‘बॅलन्स ट्रान्सफर’ म्हणतात. साध्या मराठींत ती बाकीची बदली होय. ही बदली हिताची केव्हां आणि घाताची केव्हां, हें समजण्यास वऱ्हाडाचाच इतिहास उपयोगी पडतो.

अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला विलक्षण भाव आला. जमिनीची किंमत वाढली, तिच्याबरोबर शेतकऱ्याची पत वाढली, आणि पतीबरोबर कर्जहि वाढलें. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत भाव कोसळले, तेव्हां मुद्दल जागच्या जागीं राहून व्याजच चढत गेलें. मध्यप्रांत सरकारनें १९३३ सालीं कर्ज-लवादाचा कायदा केला. लवाद मंडळापुढें धनको व ऋणको यांची तडजोड घडवून देण्याची रकमेची रास्त आकारणी होई व तिचे हप्ते बांधून दिले जात. अमरावती जिल्ह्यांतील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख १९३० ते १९३३ या काळांत त्या प्रांताचे मंत्री होते, आणि कर्जनिवारणाच्या या प्रयत्नांशीं त्यांचें नांव निगडित आहे. त्याच सुमारास भूतारण बँकांची कल्पना पुढें आली. शेत गहाण घेऊन कमी दरानें व दीर्घ मुदतीनें कर्ज द्यावयाचें आणि त्यांतून सावकाराचें जुनें देणें चुकतें करावयाचें, हा त्यांचा एक प्रमुख उद्देश होता. म्हणजे हीहि कर्जाची बदलीच होती. मात्र तींत दर उतरत असे आणि फेडीची मुदत बांधलेली असे. ‘नवें-जुनें’ करण्यांत या दोहोंपैकीं कांहींच नसतें.

क्रेडिट कार्डाचा गुण असा कीं, बिलाची संपूर्ण रक्कम मुदतींत भरल्यास खरेदीवर सुमारें पंचेचाळीस-पन्नास दिवसांपर्यंत व्याज पडत नाहीं. पण थोडी जरी बाकी राहिली, तरी ही सवलत सामान्यतः संपते आणि दरमहा साधारणपणें तीन ते पावणेचार टक्के दरानें आकारणी सुरू होते. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं वार्षिक तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २० डिसेंबर २०२४ रोजीं रद्द केला. तेव्हां त्या मर्यादेवर ग्राहकानें विसंबून चालणार नाहीं.

समजा, अमरावतीच्या राजापेठेंतील एका शिक्षकाच्या कुटुंबावर, मुलीच्या महाविद्यालयाची फी आणि घरांतील आजारपण यांमुळें, कार्डाची १,००,००० रुपये बाकी सांचली आहे. दरमहा साडेतीन टक्क्यांनीं महिन्याचें व्याज ३,५०० रुपये होतें. त्यावर १८ टक्के वस्तु व सेवा कर ६३० रुपये. एकूण ४,१३० रुपये. बिलावर ‘किमान देय’ म्हणून बहुधा बाकीच्या पांच टक्क्यांच्या आसपासची रक्कम छापलेली असते. तेवढे ५,००० रुपये भरले, तर अवघे ८७० रुपये मुद्दलांत जमा होतात. कुटुंब दरमहा नेमानें पैसे भरतें, बँकेचा तगादा येत नाहीं, आणि तरीहि कर्ज जवळजवळ होतें तेथेंच राहतें. किमान देय भरणें म्हणजे कर्ज फेडणें, हा समज अनेक सुशिक्षित घरांना महागांत पडला आहे.

हीच बाकी बारा समान हप्त्यांत फेडावयाची ठरविल्यास दरमहा सुमारें १०,७३५ रुपये, म्हणजे एकूण सुमारें १,२८,८०० रुपये लागतात. आतां ती दुसऱ्या बँकेकडे दरमहा दीड टक्क्याच्या दरानें बारा हप्त्यांवर नेली आणि बदलीचें शुल्क दोन टक्के पडलें, असें धरावें. करासह शुल्क २,३६० रुपये व हप्ता सुमारें ९,३२५ रुपये होतो. एकूण खर्च सुमारें १,१४,२५० रुपये. साडेचौदा हजार रुपयांची ही बचत लहान नाहीं.

‘बिनव्याजी’ हा शब्द मात्र जपून वाचावा. इंग्लंडांत एक-दोन वर्षांची बिनव्याजी मुदत देणारीं कार्डें असतात. आपल्याकडे ही मुदत बहुधा दोन-तीन महिन्यांची असते; नाहींतर कमी व्याजाचे हप्ते मिळतात. वरील कुटुंबानें दोन टक्के शुल्क देऊन दोन महिन्यांची बिनव्याजी बदली स्वीकारली, आणि महिन्यास साधारण साडेदहा हजारच भरणें त्याला शक्य असेल, तर दोन महिन्यांनंतर सुमारें ऐंशी हजार रुपये पुन्हां पहिल्याच दराच्या तोंडीं जातात आणि एकूण खर्च एक लाख वीस हजारांच्या वर जातो. मुदतींत सर्व रक्कम फेडणें ज्याला खात्रीनें शक्य आहे, त्यालाच बिनव्याजी बदली परवडते. इतरांना कमी व्याजाचा साधा हप्ता अधिक स्वस्त पडतो.

रिझर्व्ह बँकेनें २०२२ च्या निर्देशांत सांगितलें कीं, व्याज असलेली हप्तेवारी ‘बिनव्याजी’ म्हणून दाखवूं नये, आणि हप्ते करण्यापूर्वीं मुद्दल व व्याज स्पष्टपणें कळवावें. म्हणून होकार देण्यापूर्वीं शुल्क, कर, सवलतीची अखेरची तारीख व तिच्यानंतरचा दर या चार गोष्टी लेखी मागाव्यात. नव्या बँकेचे पैसे जुन्या कार्डाच्या खात्यांत प्रत्यक्ष जमा होईपर्यंत जुन्या बिलाचा भरणा थांबवूं नये. मधल्या दिवसांत तारीख चुकली तर विलंबशुल्क लागतें आणि पतनोंदहि बिघडते.

सर्वांत मोठा धोका मात्र बदलीनंतरच सुरू होतो. जुनें कार्ड रिकामें झालें कीं त्यावर पुन्हां खरेदीची मुभा मिळते. सणावारीं थोडें घेतलें, आजारपणांत थोडें घेतलें, असें करतां करतां वर्षअखेर पहिलें कर्ज अर्धेंमुर्धें फिटलेलें असतें आणि दुसरें तितकेंच उभें राहिलेलें असतें. शिवाय बदलीची बाकी ज्या कार्डावर आहे, त्यावरील नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळतीलच असें नाहीं. यासाठीं फेड पुरी होईपर्यंत दोन्ही कार्डें खरेदीसाठीं बाजूला ठेवावीं आणि शक्य तर जुनें बंद करावें. बाकी नसलेलें कार्ड बंद करण्याचा अर्ज सात कामकाजाच्या दिवसांत निकालीं काढणें २०२२ च्या त्याच निर्देशांनीं बँकांवर बंधनकारक केलें.

घराच्या जमाखर्चांत दरमहा नऊ-साडेनऊ हजार कोठून निघणार, याचें उत्तर पतिपत्नींनीं बदलीपूर्वीं एकत्र बसून काढलेलें बरें. तें उत्तर मिळालें तर बदलीनें वर्षभरांत घर मोकळें होतें. तें नसतांना केलेली बदली हें निव्वळ नवें-जुनें असून, तिचें शुल्क तेवढें पदरचें जातें.