गवतातील गायक

जपानात उन्हाळा सरत आला, म्हणजे झाडांवर दिवसभर कर्कश ओरडणारे सिकाडा हळूहळू गप्प होतात. वळचणीला टांगलेल्या काचेच्या घंटा उतरून ठेवल्या जातात. मग सायंकाळी गवतातून एक नाजूक किणकिण ऐकू येऊ लागते. ती 'सुझुमुशी'ची. 'सुझु' म्हणजे घंटी आणि 'मुशी' म्हणजे किडा. आपल्या रातकिड्याचाच हा आप्त. आपण त्याच्या आवाजाला किरकिर म्हणतो. जपानी लोक मात्र तो गाणे म्हणून ऐकतात.

ही आवड फार जुनी. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या विदुषीने लिहिलेल्या 'गेंजी मोनोगातारी' या ग्रंथातील एका प्रकरणाला या किड्याचेच नाव आहे. पुढे एदो नगरात, म्हणजे आजच्या टोकियोत, असे किडे पिंजऱ्यांत घालून विकणारे फेरीवाले हिंडत. तेथील मुकोजिमा-ह्याक्काएन उद्यानात ऑगस्टच्या अखेरीस लोक अजूनही किडे ऐकण्यासाठी जमतात.

गातो तो फक्त नर, आणि तोही गळ्याने नव्हे, पंखांनी. एका पंखाच्या दातेरी शिरेवर दुसऱ्याची कड घासली, की ध्वनी उमटतो. ज्या मादीसाठी हे गायन, तिचे कान असतात पुढच्या पायांवर! हवेत गारवा वाढला, की किड्याचे अंगही गार पडते आणि गाण्याची लय मंदावते. कडक थंडीपूर्वी सारे गायक मरून जातात. मातीत घातलेली अंडी तेवढी हिवाळाभर टिकतात. पुढल्या वर्षी त्यांतून निघणाऱ्या पिलांनी आपल्या पित्याचे गाणे कधीच ऐकलेले नसते. तरीही मोठी झाल्यावर त्यांतील नर नेमके तेच गातात.