हरवलेली भाषा पुन्हा बोलू लागली

मुलांनो, तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. समजा, तुमच्या घरची भाषा बोलणारे कोणीच उरले नाही, तर? ऑस्ट्रेलियातील गार्ना लोकांवर अशीच वेळ आली होती.

दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेड नावाचे मोठे शहर आहे. ते १८३६ साली वसले. त्याआधी हजारो वर्षे तेथे गार्ना लोक राहत होते. इंग्रजांनी त्यांची जमीन घेतली. नव्या रोगांनी पुष्कळ माणसे दगावली. गार्ना मुलांना त्यांच्या भाषेत शिकवणारी एक शाळा होती. तीही १८४५ साली बंद पडली. मग इंग्रजीच चालू लागली आणि हळूहळू गार्ना भाषा बोलण्यातून गेली.

मग ती परत कशी आली? त्या शाळेशी संबंधित दोन जर्मन धर्मोपदेशकांनी, टाइशेलमान आणि शूरमान यांनी, १८४० साली एक पुस्तक छापले होते. त्यात गार्ना भाषेचे व्याकरण आणि सुमारे २००० शब्द होते. हेच पुस्तक पुढे कामी आले.

लुईस ओब्रायन यांचा जन्म १९३० साली झाला. ते यंत्रांचे काम करणारे कारागीर होते. त्यांच्या खापरपणजीचे नाव कुडनार्टो. गार्ना भाषेत या नावाचा अर्थ 'तिसरे अपत्य असलेली मुलगी' असा होतो. पाहा, एका नावात केवढी माहिती साठवलेली असते! १९९० साली या भाषेत नवी गाणी रचली गेली. पुढे ती शाळेतही शिकवू लागले. २००२ साली, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, ओब्रायन यांनी मुख्याध्यापिका ॲलिस रिग्नी यांच्यासह या भाषेसाठी एक मंडळ सुरू केले. भाषाशास्त्रज्ञ रॉब अमेरी त्यांच्या मदतीला होते.

काम सोपे नव्हते. पुस्तकात अक्षरे होती, पण उच्चार ऐकवणारे कोणी नव्हते. शिवाय जुन्या पुस्तकात टेलिफोन, संगणक हे शब्द कोठून असणार? मग जुन्या शब्दांतूनच नवे शब्द घडवले. टेलिफोन म्हणजे 'आवाज पाठवणारी वस्तू'. संगणकासाठी 'मेंदू' आणि 'वीज' हे दोन शब्द जोडले!

आज ॲडलेडच्या मुख्य चौकाला इंग्रजी नावासोबत गार्ना नावही आहे. त्याचा अर्थ 'तांबड्या कांगारूची जागा'. तेथे कोणी 'निना मार्नी?' म्हणाले, तर समजा, तो विचारतो आहे, 'बरा आहेस ना?'

मुलांनो, गार्ना लोकांना जुने पुस्तक उघडावे लागले. तुमच्या दादी-नानी तर तुमच्याशी बोलतात. आज त्यांना एखादा जुना शब्द विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

स्वाध्याय
१. गार्ना भाषा बोलण्यातून का गेली?
२. १८४० सालच्या पुस्तकाचा काय उपयोग झाला?
३. तुमच्या घरातील एक जुना शब्द व त्याचा मराठी अर्थ लिहा.