पैशाचा हिशोब आहे, तासांचा कुठाय?

प्रोजेक्टला सरकारी अनुदान मिळालं की यूसी हा शब्द रोज कानावर पडायला लागतो. यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. पैसे ज्या कामासाठी मिळाले त्यावरच खर्च झाले, असं संस्था त्यात लिहून देते. सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये त्याचा नमुना आहे, जीएफआर १२-ए. खर्च मनुष्यबळ, साहित्य, प्रवास, आकस्मिक अशा शीर्षांखाली दाखवायचा. त्यामुळे पावती मिळाल्या दिवशीच फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची शाई मार्चपर्यंत उडालेली असते!

पण यात सहायकाचा पगार दिसतो, त्याचा वेळ कशात गेला ते दिसत नाही. युरोपच्या होरायझन युरोप योजनेत माणसाने प्रोजेक्टवर किती दिवस काम केलं हे नोंदवावं लागतं. पूर्णवेळ वर्ष २१५ दिवसांचं धरतात आणि त्यावरून रोजचा दर काढतात. आपल्याकडे कुणी मागत नाही, म्हणून मीही ठेवलं नाही.

प्रस्तावात मी ४० मुलाखतींच्या लिप्यंतराला दोन आठवडे लिहिले होते. अंदाजपंचे. नंतर सहायकाने वहीत तास लिहायला सुरुवात केली, तेव्हा कळलं की तासाभराच्या मुलाखतीला सहा तास लागतायत. म्हणजे २४० तास, आठ तासांचे ३० दिवस. तोवर त्याचा करार संपत आला होता. मुदतवाढीसाठी मनुष्यबळ शीर्षात पैसेच नव्हते. उरलेल्या १८ मुलाखती मी रात्री बसून टाइप केल्या.